ॲपलॉकरच्या यादीतल्या दुबार नोंदी: कोणत्या एकत्र कराव्यात, कोणत्या तशाच ठेवाव्यात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पतसंस्थेत सुमारे १८० संगणक आहेत. तीन वर्षांपूर्वी ॲपलॉकर (परवानगी दिलेलेच प्रोग्राम चालू देणारी विंडोजची सोय) लावले तेव्हा यादीत साठ-सत्तर नियम होते, आज ते अकराशेच्या वर गेले आहेत. एकट्या क्रोमच्या एकवीस नोंदी, झूमच्या चौदा, आणि हिशेबाच्या पॅकेजच्या किती ते मोजायचेच तुम्ही सोडून दिले आहे. ज्यांनी हे उभे केले ते सहकारी नोकरी सोडून गेले. आता ऑडिटरने यादी मागितली आहे आणि तुम्ही विचारता आहात की एकाच नावाच्या सगळ्या नोंदी काढून प्रत्येक सॉफ्टवेअरची एकच नोंद ठेवली तर चालेल का.

नाव बघून तसे केलेत तर चालणार नाही. मतदार यादीचे काम केलेल्या कुणालाही विचारा. एका प्रभागात ‘सुनील पाटील’ सात निघतात. त्यातल्या दोन नोंदी खरेच एका माणसाच्या असतात, बाकीचे पाच सुनील पाटील वेगवेगळे असतात. नाव बघून एक ठेवला आणि सहा कापले, तर पाच जणांचे मत गेले. शिवाय तोच माणूस ‘पाटील सुनील दगडू’ म्हणून दुसऱ्या पानावर असतो, तो नावाच्या शोधात सापडतच नाही. तुमच्या यादीत हे दोन्ही प्रकार असणार, हे मी न बघता सांगतो.

ॲपलॉकर नियमाचे नाव वाचतच नाही. नाव ही माणसाने माणसासाठी लावलेली चिठ्ठी. ॲपलॉकर फाइल ओळखतो ती तीन प्रकारे: डिजिटल सहीवरून म्हणजे पब्लिशरवरून, फाइल कुठे ठेवली आहे त्या पाथवरून, किंवा फाइलच्या हॅशवरून म्हणजे तिच्या मजकुरातून गणिताने काढलेल्या ठशावरून. त्याला जोडून आणखी दोन गोष्टी असतात: ही परवानगी कोणत्या वापरकर्त्यांच्या गटाला आहे, आणि नियम कोणत्या संचात बसतो. ईएक्सई म्हणजे थेट चालणाऱ्या प्रोग्रामचा संच वेगळा, डीएलएल म्हणजे प्रोग्रामला चालताना लागणाऱ्या जोड-फाइलींचा वेगळा, एमएसआय म्हणजे इन्स्टॉलरचा वेगळा, स्क्रिप्टचा वेगळा. दोन नोंदी दुबार आहेत असे म्हणायचे तर ओळख, गट आणि संच या तिन्ही बाबतींत एक नोंद दुसरीत पूर्णपणे मावली पाहिजे.

मी बारा-तेरा वर्षे सहकारी बँका, पतसंस्था आणि काही कारखान्यांच्या कार्यालयांत हेच काम करतो आहे, त्यामुळे पुढचे सगळे त्या अनुभवातून आहे. काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. डीएलएलचा संच सुरू आहे का? विंडोजचे डीफॉल्ट नियम ठेवले आहेत का? कर्मचारी स्वतःच्या संगणकावर ॲडमिनिस्ट्रेटर आहेत का? तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल तर यादीची आवराआवर थांबवा आणि आधी ते हक्क काढा. डीफॉल्ट नियमांपैकी एक ॲडमिनिस्ट्रेटर गटाला कुठलीही फाइल चालवू देतो, त्यामुळे यादी अकराशेची असो की अकराची, त्या माणसाला ती अडवत नाही.

आता इतक्या नोंदी झाल्या कशा, ते पाहू. कारण कळल्याशिवाय आवरलेत तर सहा महिन्यांत यादी पुन्हा तेवढीच होईल. नेहमीची गोष्ट अशी असते: सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते, फाइल अडते, कर्मचारी फोन करतो, आणि आयटीतला माणूस घाईत त्या फाइलचा हॅश यादीत टाकतो. हॅश त्या एकाच फाइलचा असतो. पुढच्या महिन्यात फाइल बदलली की नवा हॅश, नवी नोंद, जुनी तशीच. क्रोमसारखे सॉफ्टवेअर दर काही आठवड्यांनी बदलते, म्हणजे तीन वर्षांत एकवीस नोंदी ही कमीच म्हणायची.

दुसरे कारण पाथचे. काही सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्समध्ये न बसता वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये बसतात, आणि त्यातली काही आपल्या फोल्डरच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक घालतात. पाथवर नियम केला की दर आवृत्तीला तो तुटतो. इन्स्टॉलरचा त्रास याहून मोठा. इनो सेटअपने बनवलेला इन्स्टॉलर टेंप फोल्डरमध्ये ‘आयएस’ आणि पुढे काही यादृच्छिक अक्षरे अशा नावाचा फोल्डर करून त्यात स्वतःला उलगडतो. पायइन्स्टॉलरने एका फाइलीत बांधलेला प्रोग्राम तर प्रत्येक वेळी चालताना ‘एमईआय’ आणि आकडे अशा नव्या फोल्डरात आपल्या डीएलएल काढून ठेवतो. लॉगमध्ये हे सगळे वेगवेगळे पाथ दिसतात आणि प्रत्येकाची नोंद करत बसले की यादी फुगते.

तिसरे कारण फारसे कुणाच्या लक्षात येत नाही: कंपनीचे नाव बदलते. ॲपलॉकरच्या पब्लिशर नियमात सहीच्या प्रमाणपत्रातले संस्थेचे नाव, गाव, राज्य आणि देश अशी पूर्ण ओळ असते, आणि ती अक्षरशः जुळावी लागते. गुगल २०१७ साली ‘इन्क’ची ‘एलएलसी’ झाली. ॲडोबी २०१८ साली ‘ॲडोबी सिस्टिम्स इनकॉर्पोरेटेड’ची ‘ॲडोबी इन्क’ झाली. त्यानंतरच्या सह्या नव्या नावाने येऊ लागल्या, पण जुन्या फाइलींवरची सही जुन्याच नावाची राहिली. त्यामुळे तुमच्या यादीत ॲडोबीच्या दोन पब्लिशर नोंदी दिसल्या तर दोन्ही खऱ्या असू शकतात. एखादा जुना रीडर किंवा त्याची एखादी डीएलएल अजून कुठे चालते का हे पाहिल्याशिवाय जुनी नोंद काढू नका.

आणि चौथे, ग्रुप पॉलिसी, म्हणजे एका ठिकाणाहून अनेक संगणकांवर धोरण लावण्याची विंडोजची सोय. तिच्यातल्या वेगवेगळ्या जीपीओंमधले (धोरणांच्या गठ्ठ्यांमधले) नियम बेरीज होऊन संगणकावर लागतात. मुख्य कार्यालयाच्या जीपीओत एक नियम आणि शाखेच्या जीपीओत तोच नियम, ही निखळ दुबार. पण कापायचा कोणता, हे दोन्ही जीपीओ कोणकोणत्या संगणकांवर लागतात ते बघूनच ठरेल. म्हणून सुरुवात जीपीओच्या खिडकीतून करू नका. दोन-तीन शाखांतल्या खऱ्या संगणकांवर गेट-ॲपलॉकरपॉलिसी ही पॉवरशेलची आज्ञा ‘इफेक्टिव्ह’ पर्याय देऊन चालवा, एक्सएमएल फाइल घ्या आणि ती एक्सेलमध्ये पसरवा. तीच तुमची प्रत आणि तोच तुमचा बॅकअप. ती फाइल बाजूला ठेवल्याशिवाय एकाही नियमाला हात लावू नका.

एक्सेलमध्ये रकाने असे करा: संच, गट, परवानगी की मनाई, ओळखीचा प्रकार, पब्लिशरची पूर्ण ओळ, प्रॉडक्टचे नाव, फाइलचे नाव, आवृत्ती, पाथ, हॅश, अपवाद, आणि शेवटी एक रिकामा रकाना ‘का आहे’. नियमाचे नावही ठेवा, पण क्रमवारी कधीच त्यावर लावू नका. पब्लिशर आणि प्रॉडक्ट यांवर लावा. हॅशच्या नोंदींत पब्लिशर नसतो, तो मूळ फाइल शोधूनच भरावा लागतो. या कामाला दोन-तीन दिवस जातात आणि ते कंटाळवाणे आहे, पण खरे काम हेच आहे. रकाने भरले की निम्मे निर्णय आपोआप समोर येतात.

इथे एक सापळा आहे. यादीतल्या हॅशची फाइल शोधताना बरेच जण सर्टयुटिल किंवा गेट-फाइलहॅश या साधा हॅश काढणाऱ्या आज्ञा वापरतात, आकडा जुळत नाही, आणि ‘ही नोंद मेलेली आहे’ म्हणून ती काढून टाकतात. ईएक्सई आणि डीएलएलसाठी ॲपलॉकर जो हॅश धरतो तो ऑथेंटिकोड या मायक्रोसॉफ्टच्या सहीच्या पद्धतीचा असतो, संपूर्ण फाइलचा साधा हॅश नव्हे. तो काढायचा तर गेट-ॲपलॉकरफाइलइन्फर्मेशन ही आज्ञाच वापरा. पुढेमागे तुम्ही डब्ल्यूडॅक या विंडोजच्याच दुसऱ्या परवानगी यादीच्या सोयीवर गेलात, जिला आता ॲप कंट्रोल फॉर बिझनेस म्हणतात, तर तिथे याच जातीचा आणखी एक फसवा प्रकार आहे. हॅशवर नियम बनवला की एका फाइलसाठी चार हॅश नोंदी तयार होतात: ऑथेंटिकोडचे दोन, फाइलच्या पहिल्या पानाचे दोन. त्या चार दिसल्या तर दुबार समजून तीन कापू नका.

आता न कापण्याच्या नोंदी. वेगवेगळ्या संचांतली सारखी नोंद दुबार नसते. क्रोमचा एक नियम ईएक्सईच्या संचात आणि तसाच एक डीएलएलच्या संचात असेल तर दोन्ही लागतात. वेगवेगळ्या गटांची नोंदही दुबार नसते. ‘अकाउंट्स’ गटाला दिलेली परवानगी आणि ‘एव्हरीवन’ला दिलेली परवानगी दिसायला सारख्या. पण तुम्ही ‘एव्हरीवन’वाली ठेवून दुसरी काढलीत, तर जी मुभा मूळ हेतूने अकाउंट्सपुरती होती ती सगळ्यांची झाली यावर तुम्ही शिक्का मारला. त्या वेळी विचारायला हवे की ‘एव्हरीवन’वाली नोंद मुळात आली कशी. मनाईच्या नियमांना तर या फेरीत हातच लावू नका. मनाई परवानगीच्या वर चालते, आणि ती कुणीतरी कशासाठी तरी मुद्दाम घातलेली असते.

अपवादांचे जरा नीट सांगतो, कारण इथे मोठी चूक होते. समजा एका नियमात लिहिले आहे: प्रोग्राम फाइल्समधले सगळे चालेल, फक्त अमुक एक रिमोट टूल सोडून. दुसरा नियम म्हणतो: प्रोग्राम फाइल्समधले सगळे चालेल. अपवाद फक्त ज्या नियमात लिहिला आहे त्याच नियमाला बांधून असतो. दुसरा नियम त्या टूलला सरळ परवानगी देतो. म्हणजे आज तुमचा अपवाद निरुपयोगी पडला आहे आणि कुणाला पत्ता नाही. इथे दुबार नोंद काढल्याने सुरक्षा वाढेल, पण बरोबर ती मोठी, अपवाद नसलेली नोंद काढली तरच. उलटी काढलीत तर अपवाद कायमचा गेला.

आता एकत्र करण्याकडे येऊ. एकत्र करणे म्हणजे जवळपास नेहमीच परवानगी रुंद करणे असते. एकवीस हॅश म्हणजे एकवीस ठराविक फाइली. त्यांच्या जागी एक पब्लिशर नियम म्हणजे त्या सहीच्या आजवरच्या आणि पुढे येणाऱ्या सगळ्या फाइली. हे चांगलेच आहे, कारण अपडेटला काम अडत नाही. पण किती रुंद करायचे ते आपण ठरवायचे असते. ॲपलॉकरच्या खिडकीत पब्लिशर नियमाला एक सरकपट्टी असते: फक्त पब्लिशर, मग प्रॉडक्ट, मग फाइल, मग आवृत्ती. माझा शिरस्ता प्रॉडक्टवर थांबण्याचा आहे, आणि शक्य तिथे आवृत्तीची खालची मर्यादा घालतो.

फक्त पब्लिशरवर का थांबू नये? मायक्रोसॉफ्टचेच पाहा. टीम्स, वनड्राइव्ह आणि इतर मिळून चाळीस नोंदी दिसतात, आणि ‘मायक्रोसॉफ्टची सही असलेले सगळे’ असा एकच नियम करण्याचा मोह होतो. पण पीएसएक्झेक आणि प्रॉकडंप ही सिसइंटर्नल्सची साधनेही मायक्रोसॉफ्टच्याच सहीची आहेत. एक दुसऱ्या संगणकावर दूरवरून आज्ञा चालवते, दुसरे चालू प्रोसेसची मेमरी उतरवून घेते, आणि पासवर्ड चोरणारे नेमके हेच करतात. तो एक नियम झाला की पेन ड्राइव्हवरून आणलेली ही साधने तुमच्या संगणकांवर खुशाल चालतील. गुगलचेही तसेच: क्रोम आणि क्रोम रिमोट डेस्कटॉप यांची सही एकाच कंपनीची, प्रॉडक्टचे नाव मात्र वेगळे. प्रॉडक्टवर थांबलात तर पहिले चालते आणि दुसरे अडते.

आवृत्तीच्या मर्यादेसाठी विनरारचे उदाहरण घ्या, ते आपल्याकडे घरोघरी असते आणि स्वतःहून अपडेट होत नाही. २०२३ साली त्यातल्या एका गंभीर त्रुटीचा गैरवापर होत होता, ती ६.२३ आवृत्तीत दुरुस्त झाली. २०२५ साली पुन्हा एक निघाली, ती ७.१३ मध्ये दुरुस्त झाली. तुमच्या यादीत विनरारच्या आठ हॅश नोंदी असतील तर त्यातल्या बहुतेक अशा जुन्या फाइलींच्या असतील. त्या आठांच्या जागी ‘कोणतीही आवृत्ती’ असा नियम केलात तर यादी छोटी दिसेल आणि धोका तसाच राहील. ‘७.१३ आणि पुढे’ असा नियम केलात तर जुन्या फाइली आपोआप बंद पडतील. मात्र त्याआधी सगळ्या संगणकांवर नवी आवृत्ती पोचवा, नाहीतर सकाळी फोन घेत बसाल.

आणखी एक प्रश्न नियम लिहिण्याआधी विचारायचा: या सॉफ्टवेअरला नियम लागतो तरी का? डीफॉल्ट नियम ठेवलेले असतील तर प्रोग्राम फाइल्समधली प्रत्येक गोष्ट आधीच चालते, ३२ बिटचा फोल्डरही त्यात आला. क्रोम तिथे बसवलेले असेल तर त्याला वेगळी नोंद नकोच. एकवीस नोंदी झाल्या याचा अर्थ काही संगणकांवर कर्मचाऱ्यांनी स्वतः उतरवून घेतलेले क्रोम आहे आणि ते ॲपडेटात बसले आहे. झूमचेही तसेच, साधा इन्स्टॉलर ॲपडेटात बसवतो आणि एमएसआय प्रोग्राम फाइल्समध्ये. तेव्हा नोंदी जोडत बसण्यापेक्षा सगळ्या संगणकांवर एमएसआयने एकसारखे बसवा आणि ॲपडेटातले काढा. एका पतसंस्थेत आम्ही एवढेच केले, तर ब्राउझर आणि मीटिंगच्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या नोंदी शून्यावर आल्या. पब्लिशर नियम फाइल कुठे आहे हे बघत नाही, त्यामुळे तो केलात तर ॲपडेटातले क्रोमही कायमचे अधिकृत होते, हे लक्षात ठेवा.

इथवरचे एकदा जुळवून घेतो. क्रमवारी ओळखीवर, नावावर नाही. गट, संच आणि अपवाद वेगळे असतील तर ती दुबार नाही. एकत्र करताना प्रॉडक्टपर्यंतच रुंद करायचे. आणि जिथे इन्स्टॉलेशन सरळ करता येते तिथे नियमच नको.

राहिले ते सही नसलेले सॉफ्टवेअर, आणि तुमचे हिशेबाचे पॅकेज बहुधा त्यातलेच आहे. आपल्या भागातले छोटे विक्रेते दर महिन्याला नवी ईएक्सई पाठवतात आणि तिच्यावर सही नसते. पब्लिशर नियम होऊ शकत नाही, हॅश दर महिन्याला बदलतो. विक्रेत्याला लेखी सांगा की पुढच्या करारापासून फाइली सही करून द्या. हे मी नेहमी करतो आणि बरेच जण ऐकतात, कारण ते आपल्याच गावचे असतात आणि गिऱ्हाईक टिकवायचे असते. तोपर्यंत दोन मार्ग आहेत. पॅकेज एका ठराविक फोल्डरमध्ये बसवा, त्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा हक्क फक्त ॲडमिनिस्ट्रेटरला ठेवा, आणि पाथवर एक नियम करा. हे टिकते तेव्हाच, जेव्हा पॅकेज आपला डेटा त्याच फोल्डरात लिहीत नाही. जुनी पॅकेजेस लिहितात, आणि मग कर्मचाऱ्याला लिहिण्याचा हक्क द्यावाच लागतो. ज्या फोल्डरात कर्मचारी लिहू शकतो तिथे पाथचा नियम म्हणजे उघडे दार. ॲक्सेसचेक हे साधन कोणत्या फोल्डरात कोण लिहू शकतो ते दाखवते, ते चालवूनच पाथचा नियम करा. विंडोज फोल्डरच्या आतसुद्धा टेंप, टास्क्स अशी साध्या वापरकर्त्याला लिहिता येणारी ठिकाणे आहेत, त्यामुळे डीफॉल्ट पाथ नियमालाही तिथे अपवाद घालावे लागतात.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. संस्थेचे स्वतःचे कोड सायनिंग प्रमाणपत्र तयार करा आणि विक्रेत्याकडून आलेली फाइल तपासून झाल्यावर तिच्यावर तुम्हीच सही करा. मग यादीत तुमच्या संस्थेच्या सहीचा एकच नियम राहतो आणि दर महिन्याचे काम म्हणजे एक सही. त्या सहीची खासगी किल्ली मात्र कुणाच्या रोजच्या संगणकावर ठेवायची नाही. ती ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या यादीत काहीही घुसवू शकतो.

हॅश ही वाईट गोष्ट आहे असे यातून समजू नका. एटीएमसारख्या यंत्रावर सॉफ्टवेअर क्वचित बदलते, तिथे हॅशची घट्ट यादीच योग्य. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ च्या परिपत्रकात एटीएमवर व्हाइटलिस्टिंग बसवायला मार्च २०१९ ची मुदत दिली होती, त्या सुमारास मी अशी यंत्रे पाहिली. त्यांच्या याद्यांत दुबार नोंदी जवळजवळ नव्हत्याच. दर आठवड्याला बदलणाऱ्या कारकुनाच्या संगणकावर मात्र तीच पद्धत तुमच्यासारखी यादी तयार करते.

आता काढण्याचा क्रम. आधी नवा, रुंद नियम घाला आणि जुने तसेच राहू द्या. मग टेस्ट-ॲपलॉकरपॉलिसी ही आज्ञा वापरा: तिला जुन्या धोरणाची एक्सएमएल, खऱ्या संगणकांवरच्या फाइली आणि वापरकर्त्याचे नाव द्या, ती प्रत्येक फाइल चालेल की अडेल आणि कोणत्या नियमाने ते सांगते. तेच नव्या, आवरलेल्या एक्सएमएलवर करा आणि दोन निकाल शेजारी ठेवा. जिथे फरक आहे तिथेच तुमचे काम आहे. न्यू-ॲपलॉकरपॉलिसीला ‘ऑप्टिमाइझ’ पर्याय दिला तर ती सारखे नियम स्वतः जोडून देते, पहिल्या कच्च्या मसुद्यासाठी तो बरा आहे. तो तसाच लागू करू नका. कोणती मुभा कुणासाठी होती हे त्याला कळत नाही.

सगळी संस्था ऑडिट मोडमध्ये, म्हणजे काही न अडवता फक्त नोंद घेणाऱ्या अवस्थेत, टाकून चाचणी घ्या असा सल्ला तुम्हाला मिळेल. मी तसे करत नाही. ॲपलॉकरमध्ये ऑडिट की अंमल हे पूर्ण संचासाठी ठरते, एका नियमासाठी नाही, म्हणजे ईएक्सईचा संच ऑडिटवर टाकला की त्या काळात काहीच अडत नाही. वेगळा ओयू (डोमेनमधला संगणकांचा कप्पा) करा, त्यात प्रत्येक कामाचा एक असे आठ-दहा संगणक घ्या: कॅश, कर्ज, वसुली, हिशेब, व्यवस्थापक. तिथे नवे धोरण ऑडिटवर चालवा आणि ॲपलॉकरच्या लॉगमधल्या ८००३ क्रमांकाच्या घटना बघा. ‘हे अडले असते’ असा त्यांचा अर्थ. एमएसआय आणि स्क्रिप्टसाठी तोच आकडा ८००६ आहे.

चाचणी म्हणजे काय, हे मी एका चुकीतून शिकलो. एका सहकारी बँकेत अशीच आवराआवर करताना मला पासबुक छपाईच्या सॉफ्टवेअरच्या एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या. एक मी काढली. ती डीएलएलच्या संचातली होती हे माझ्या एक्सेलमध्ये नव्हते, कारण मी संचाचा रकानाच केला नव्हता. प्रोग्राम उघडून पाहिला, छान उघडला, मी समाधानाने घरी गेलो. सोमवारी सकाळी शाखेत पासबुके घेऊन लोक रांगेत, आणि छपाईचे बटण दाबले की काहीच होत नाही. प्रोग्राम उघडताना ती डीएलएल लागत नव्हती, प्रिंटरशी बोलताना लागत होती. पेन्शनच्या दिवसांत म्हातारी माणसे दोन तास उभी राहिली, आणि शाखाधिकारी काही न बोलता त्यांना खुर्च्या आणून देत होते. तेव्हापासून मी प्रोग्राम उघडून पाहत नाही, त्याचे काम करून पाहतो: पासबुक छापतो, चेक छापतो, दिवसअखेर करतो, बॅकअप घेतो. आणि संचाचा रकाना एक्सेलमध्ये पहिला असतो.

चाचणी पार झाली की जुन्या नोंदी काढायच्या, पण एकदम नाही. ८००२ क्रमांकाच्या घटनेत फाइल चालली हे असतेच, शिवाय कोणत्या नियमाने चालली त्याचे नाव आणि आयडीही असतो. जी जुनी नोंद त्या लॉगमध्ये कधीच येत नाही, ती काढायला योग्य. इथे दोन गोष्टी सांभाळा. एका फाइलला दोन नियम लागू होत असतील तर लॉगमध्ये एकच दिसतो, म्हणून एका वेळी एका सॉफ्टवेअरचाच गट काढा आणि पुन्हा लॉग बघा. आणि ॲपलॉकरच्या लॉगचा मूळ आकार जेमतेम एक एमबी असतो, डीएलएलचा संच सुरू असेल तर तो फार लवकर भरून जुन्या घटना पुसल्या जातात. आधी आकार वाढवा आणि घटना एका सर्व्हरवर गोळा करा, नाहीतर ‘कधीच आली नाही’ याचा अर्थ ‘परवापासून आली नाही’ एवढाच निघेल.

किती दिवस थांबायचे हे सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. क्रोमसाठी दोन आठवडे पुरतात. पण टीडीएसचे विवरणपत्र तीन महिन्यांतून एकदा भरले जाते, आणि ३१ मार्चच्या कामाची काही साधने वर्षातून एकदाच उघडतात. ती ऑक्टोबरच्या लॉगमध्ये दिसणार नाहीत. अशा नोंदींची एक वेगळी यादी करा, हिशेब विभागातल्या जुन्या माणसाशेजारी बसून करा, आणि तिमाही कामाच्या नोंदींना निदान एक तिमाही, वार्षिक कामाच्या नोंदींना निदान एक ३१ मार्च होईपर्यंत हात लावू नका. ‘का आहे’ हा रिकामा रकाना तिथेच भरला जातो.

तुमच्याकडे ॲपलॉकर सोडून दुसरे एखादे परवानगी यादीचे सॉफ्टवेअर कुणी आणले, तर तिथे ‘ॲप्लिकेशन’ नावाची पेटी असते आणि तिच्यात अनेक फाइली. दोन पेट्या एक करताना आधी पाहा की कोणती धोरणे कोणत्या पेटीकडे बोट दाखवतात. पेटी काढली आणि धोरण तिच्यावर टेकलेले असले तर ते लंगडे पडते. क्रोमसारख्यांची पेटी विक्रेता स्वतः अद्ययावत ठेवत असेल तर तीच वापरा आणि तुमच्या हातच्या पेट्या तिच्यामागे मोकळ्या करा.

यादी पुन्हा फुगू नये म्हणून एक सवय लावून घ्या. फाइल अडली की ८००४ ची घटना उघडा आणि त्यातला पब्लिशरचा रकाना वाचा. तिथे नुसती आडवी रेघ असेल तर सही नाही. ओळ असेल तर ती तुमच्या सध्याच्या नियमाशी का जुळली नाही ते शोधा: नाव बदलले, प्रॉडक्टचे नाव रिकामे आहे, की आवृत्ती मर्यादेच्या खालची आहे. उत्तर सापडले की बहुतेक वेळा जुनाच नियम दुरुस्त करावा लागतो, नवा नाही. आणि जेव्हा नवा करावाच लागतो तेव्हा वर्णनाच्या जागेत तारीख, कुणी मागितला, कशासाठी, आणि पुन्हा कधी बघायचे एवढे लिहा. ऑडिटरलाही हेच हवे असते.

सुरुवात हिशेबाच्या पॅकेजपासून करू नका, ते सर्वात अवघड आहे. आधी क्रोम घ्या. प्रोग्राम फाइल्समध्ये सगळीकडे आणता आले तर एकवीस नोंदी शून्यावर येतील. काही संगणकांवर ते जमले नाही तर पब्लिशर आणि प्रॉडक्टची एक नोंद ईएक्सईसाठी, आणि डीएलएलचा संच सुरू असेल तर एक त्यासाठी. तो गट झाला की संगणकांची आणि वापरकर्त्यांची नावे काढून एक्सएमएल मला दाखवा, पुढचा गट आपण मिळून ठरवू.